विश्लेषण : एफएत दोनदा नापास झालेल्या रामानुजन यांना विद्यापीठाने संशोधनवृत्ती कशी दिली?

सेमिस्टरचा निकाल लागला की होस्टेलच्या पॅसेजमध्ये किती गुण पडले हे नंतर विचारले जाते. किती विषय राहिले, हे आधी. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटी, म्हणजे ते विषय सोबत घेऊन पुढच्या वर्गात बसण्याची मुभा. त्याहून जास्त राहिले तर वायडी, म्हणजे वर्षच गेले. इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्या वर्षी घरी फोन करताना आवाज कसा होतो, तेही सांगावे लागत नाही.

अशा निकालांच्या दिवसांत एक नाव सोशल मीडियावर हमखास फिरते : श्रीनिवास रामानुजन. ते नापास झाले होते, तरी जगप्रसिद्ध गणितज्ञ झाले, तेव्हा परीक्षेचे काय घेऊन बसलात, असा त्या पोस्टचा सूर असतो. यातला पहिला भाग खरा आहे. पण मधली सहा-सात वर्षे त्या पोस्टमध्ये गाळलेली असतात. रामानुजन यांना बाहेर काढणारा नियम कोणता होता, त्यांना परत आत घेणारा नियम कोणता होता आणि या दोन्हींच्या मध्ये त्यांनी काय गमावले, हे समजून घेणे आजच्या विद्यार्थ्यांसाठी जास्त उपयोगाचे आहे.

रामानुजन कोण होते?

जन्म २२ डिसेंबर १८८७, आजोळी, इरोड येथे. वाढले ते कुंभकोणममध्ये, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात. म्हणजे भोसल्यांच्या तंजावरच्या परिसरात. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते आणि पगार महिन्याला साधारण २० रुपये. आई कोमलताम्मल देवळात भजने गात. घरखर्चाला हातभार म्हणून कॉलेजात शिकणारी काही मुले घरी राहायला ठेवलेली असत. लहानग्या रामानुजन यांना गणिताची पहिली मोठी पुस्तके याच मुलांकडून मिळाली.

१८९७ मध्ये प्राथमिक परीक्षेत ते जिल्ह्यात पहिले आले. या परीक्षेत इंग्रजी, तमिळ, भूगोल आणि अंकगणित हे सगळे विषय होते. म्हणजे इतर विषय त्यांना जमतच नव्हते, असे नाही. कुंभकोणमच्या टाऊन हायस्कूलमध्येही ते हुशार विद्यार्थी म्हणूनच ओळखले जात. १९०४ मध्ये शाळा संपली तेव्हा गणिताचे बक्षीस देताना, पूर्ण गुण दिले तरी या मुलाला ते कमीच पडतील, अशा अर्थाचे कौतुक मुख्याध्यापकांनी केले होते.

मधल्या काळात, १९०३ च्या सुमारास, एक पुस्तक हाती आले होते. इंग्लंडमधील कार या शिकवणी घेणाऱ्या शिक्षकाने केलेला सूत्रांचा संग्रह. सुमारे पाच हजार प्रमेये, एकाखाली एक, सिद्धता जेमतेम किंवा नाहीच. केंब्रिजच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना उजळणीसाठी हे बरे पडेल, एवढाच त्याचा उद्देश. आपल्याकडच्या गाइडचाच तो थोरला भाऊ म्हणता येईल. रामानुजन यांनी मात्र त्यातील एकेक सूत्र स्वतः सिद्ध करायला घेतले आणि मग पुढची सूत्रे स्वतःच शोधायला लागले. परीक्षेसाठी लिहिलेल्या पुस्तकानेच त्यांना परीक्षेपासून दूर नेले.

शिष्यवृत्ती का गेली?

१९०४ मध्ये त्यांनी कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर प्रवेश घेतला. एका सत्राची फी होती ३२ रुपये, म्हणजे वडिलांचा दीड महिन्याचा पगार. शिष्यवृत्ती होती म्हणूनच कॉलेज शक्य होते.

हा अभ्यासक्रम एफएचा. मॅट्रिकनंतर दोन वर्षांनी द्यायची आणि बीएच्या वर्गात जाण्याआधी ओलांडायची परीक्षा. आजच्या बारावीच्या आसपासची पायरी म्हणता येईल. विषय मात्र सगळे एकत्र : इंग्रजी, गणित, संस्कृत, ग्रीस व रोमचा इतिहास आणि शरीरविज्ञान. सायन्स, आर्ट्स अशी आजच्यासारखी विभागणी नव्हती. सगळ्या विषयांत उत्तीर्ण झाले तरच परीक्षा उत्तीर्ण. गणितात कितीही गुण पडले तरी ते इंग्रजीच्या खात्यात वळवता येत नसत. राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्गात बसण्याची सोयही नव्हती.

रामानुजन वर्गात बसत, पण इतिहासाच्या तासालाही वहीत गणितच चाललेले असे. शेवटी इंग्रजी निबंधलेखनात ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती काढून घेण्यात आली. आई थेट प्राचार्यांना भेटायला गेली. माझ्या मुलासारखे गणित या कॉलेजात कोणाला येते, हा तिचा मुद्दा. प्राचार्यांनी ऐकून घेतले, पण नियम म्हणजे नियम, यावर ते ठाम राहिले.

इथे प्राचार्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ती शिष्यवृत्ती फक्त गणितासाठी नव्हती. ती ज्या अटीवर मिळाली होती, ती अट रामानुजन यांनी पाळली नव्हती. एकाला सूट दिली असती तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे, हा प्रश्न आजच्या प्रत्येक प्राचार्यांपुढे असतो, तसा तो त्यांच्यापुढेही होता.

रामानुजन यांनी आणखी काही महिने रेटून पाहिले. जुलै १९०५ मध्ये हजेरीचा दाखलाही मिळवला. पण ऑगस्टमध्ये ते कुणालाही न सांगता घरातून निघून गेले. रेल्वेने विशाखापट्टणमच्या दिशेने, शेकडो मैल दूर. घरच्यांनी शोधाशोध केली, वर्तमानपत्रात हरवल्याची बातमीही आली. काही काळाने ते परतले. वय होते सतरा. नापास झाल्यावर घर सोडणाऱ्या मुलांच्या बातम्या आजही डेस्कवर येतात, तेव्हा ही गोष्ट जुनी वाटत नाही.

मद्रासमध्ये पुन्हा तेच का घडले?

१९०६ मध्ये दुसरी संधी मिळाली, मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात. तिथल्या गणिताच्या प्राध्यापकांना वही दाखवताच त्यांची ताकद लक्षात आली. तीन तासांचा गणिताचा पेपर रामानुजन अर्ध्या तासात सोडवून मोकळे होत. पण शरीरविज्ञानाचे काय? प्राण्यांचे विच्छेदन त्यांना सहन होत नसे. या विषयात त्यांना दहा टक्केसुद्धा गुण मिळत नसत. त्यातच आजारपण आले आणि काही महिने गावी काढावे लागले.

डिसेंबर १९०६ मध्ये एफए दिली, नापास. १९०७ मध्ये खासगीरीत्या पुन्हा दिली. गणितात उत्तीर्ण, बाकी विषयांत अनुत्तीर्ण, म्हणून एकूण निकाल अनुत्तीर्ण. मद्रास विद्यापीठाच्या पदवीचा दरवाजा इथे बंद झाला, तो कायमचाच.

त्या काळचे विद्यापीठ म्हणजे काय होते?

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे १८५७ मध्ये, लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाली. शिकवायचे कॉलेजांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, अशी वाटणी होती. म्हणजे विद्यापीठाचे मुख्य काम तपासणीचे. पदवीचा दर्जा राखायचा तर पेपर कडक हवा, एवढीच दर्जाची कल्पना होती. विद्यापीठाने स्वतः नवे ज्ञान तयार करावे, ही अपेक्षा फार नंतरची.

ती कायद्यात आली १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने. लॉर्ड कर्झन यांच्या काळातील या कायद्याने विद्यापीठांवर सरकारी पकड वाढेल, म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात त्याला कडाडून विरोध केला होता. गोखले यांची भीती निराधार नव्हती. पण याच कायद्याने अभ्यास आणि संशोधनाला चालना देणे हेही विद्यापीठाच्या हेतूंमध्ये आणले. रामानुजन कॉलेजात पहिल्यांदा पाऊल टाकत होते, त्याच वर्षीची ही गोष्ट. हा हेतू त्यांच्या कामी यायला मात्र १९१३ उजाडावे लागले.

पदवी नसताना त्यांनी काय केले?

१४ जुलै १९०९ रोजी जानकी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेव्हा जानकी दहा वर्षांच्या होत्या. आता कमावणे भाग होते आणि हातात पदवी नव्हती. रामानुजन यांनी शिकवण्या धरल्या. त्यातील काही शिकवण्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील मुलांच्या होत्या, आणि ती मुले एफएचीच तयारी करत होती. आपण दोनदा नापास झालो ती परीक्षा दुसऱ्यांना पास होता यावी, म्हणून ते शिकवत होते.

कागद महाग होता. गणित पाटीवर करायचे, कोपराने पुसायचे आणि उत्तर तेवढे वहीत उतरवायचे. या सवयीने पुढे अभ्यासकांना कित्येक दशके कामाला लावले, कारण वहीत उत्तरे आहेत आणि वाट पुसली गेली आहे.

१९१० च्या सुमारास ही वही घेऊन ते एका डेप्युटी कलेक्टरांकडे कारकुनीची नोकरी मागायला गेले. हे अधिकारी होते व्ही. रामस्वामी अय्यर, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक. पुणेकरांना या संस्थेची वेगळी ओळख सांगायला हवी : १९०७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे मुख्यालय पुण्यात होते आणि ग्रंथालय फर्ग्युसन कॉलेजात. रामस्वामी अय्यर यांनी वही चाळली आणि असा माणूस महसूल खात्याच्या फायलींत बसवायचा नाही, असे ठरवले. नोकरी दिली नाही, ओळखपत्रे दिली.

त्यातून रामानुजन पोहोचले नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्यापर्यंत. तेही याच संस्थेचे पदाधिकारी. त्यांनी काही काळ स्वतःच्या खिशातून महिना २५ रुपये दिले. १९११ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध छापून आला. निबंध छापताना एफए झाली आहे का, हे कोणी विचारले नाही.

दुसऱ्याच्या पैशावर किती दिवस राहायचे, या संकोचाने त्यांनी पुन्हा नोकरी शोधली. १ मार्च १९१२ पासून ते मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात कारकून झाले, पगार महिना ३० रुपये. सुदैवाने तिथले वरिष्ठ नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार निघाले आणि ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनाही या कारकुनाची किंमत कळली.

हार्डी यांना पत्र पाठवल्यावर काय झाले?

रामानुजन यांचे काम लंडनच्या एका प्राध्यापकांकडे पाठवले गेले होते. हुशारी आहे, पण पाया कच्चा आहे, असे त्यांचे मत पडले. केंब्रिजच्या दोन नामवंतांनी कागद काहीही न लिहिता परत केले. त्यानंतर १६ जानेवारी १९१३ रोजी पत्र गेले ते केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना. आपण कारकून आहोत आणि विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, हे रामानुजन यांनी सुरुवातीलाच लिहून टाकले होते. सोबत सूत्रांनी भरलेली पाने.

हार्डी यांनी सहकारी लिटलवूड यांच्यासोबत ती पाने तपासली. काही सूत्रे आधीच माहीत असलेली, काही नवी, काही चक्क चुकीची आणि काही अशी की हार्डी यांनी तसे कधी पाहिलेच नव्हते. फेब्रुवारीत त्यांनी उत्तर पाठवले आणि सिद्धता मागितल्या.

हार्डी स्वतः परीक्षेत मागे पडलेले नव्हते. केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत १८९८ मध्ये ते चौथे आले होते. पण क्रमांकासाठी घोकून घेणारी ती परीक्षा त्यांना मनापासून नकोशी होती आणि ती बदलावी म्हणून ते झटत होते. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, याच परीक्षेत दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ परांजपे संयुक्तपणे पहिले आले आणि सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय ठरले. तेच पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. म्हणजे परीक्षेने परांजपे यांना बरोबर ओळखले आणि रामानुजन यांना ओळखले नाही. एकच प्रकारची चाळणी दोघांसाठी सारखी चालत नाही, एवढेच यातून दिसते.

विद्यापीठात नियम कुठे अडला?

फेब्रुवारी १९१३ मध्ये हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर कामानिमित्त मद्रासला आले. मान्सूनच्या बातम्यांत एल निनोसोबत वॉकर यांचे नाव आजही येते, तेच हे. तेही एकेकाळचे सीनियर रँग्लर. वही पाहून त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिले : या तरुणाला काही वर्षे पोटाची चिंता न करता गणित करू द्यावे.

मार्चमध्ये विद्यापीठाच्या गणित अभ्यास मंडळाची बैठक झाली. शिफारस झाली महिना ७५ रुपयांच्या संशोधनवृत्तीची, दोन वर्षांसाठी. पोर्ट ट्रस्टच्या पगाराच्या अडीच पट. पण प्रकरण सिंडिकेटपुढे गेले आणि आक्षेप आला. अशी वृत्ती पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी असते. या उमेदवाराकडे पदवी तर नाहीच, एफएसुद्धा नाही. आणि नापास कोणी केले? याच विद्यापीठाने.

यावर बैठकीत मांडला गेलेला मुद्दा साधा होता. संशोधनाला चालना देणे हा विद्यापीठाच्या कायद्यातच लिहिलेला हेतू आहे. पदवीची अट कशासाठी असते? उमेदवाराला संशोधन जमेल, याची खात्री पटावी म्हणून. इथे संशोधन करून दाखवलेले आहे, छापून आलेले आहे. मग खात्रीसाठी आणखी वेगळा कागद कशाला? सिंडिकेटला हे पटले. पोर्ट ट्रस्टने रजा दिली आणि मे १९१३ पासून रामानुजन मद्रास विद्यापीठाचे संशोधक झाले.

इथे काय घडले ते नीट पाहायला हवे. एफए पासचे गुण कमी केले नाहीत. रामानुजन यांना मागच्या दाराने उत्तीर्ण केले नाही. त्यांचा एफएचा निकाल नापास होता, तो नापासच राहिला. विद्यापीठाने एवढेच ठरवले की त्या निकालावरून या प्रश्नाचे उत्तर काढायचे नाही.

मग त्यांच्या प्रगतीवर लक्ष कसे ठेवले?

वृत्ती मोकळी सोडलेली नव्हती. अट एकच : दर तीन महिन्यांनी केलेल्या कामाचा अहवाल मंडळाला द्यायचा. आजच्या भाषेत प्रोग्रेस रिपोर्ट. पीएचडी करणाऱ्यांना हा शब्द ऐकूनच घाम फुटतो. रामानुजन यांनी असे तीन अहवाल दिले. पहिल्यावर ५ ऑगस्ट १९१३ ही तारीख आहे.

हे अहवाल औपचारिकता म्हणून खरडलेले नव्हते. निश्चित इंटिग्रलची उत्तरे काढण्याची एक सर्वसाधारण रीत त्यांत मांडलेली आहे. आज ती रामानुजन यांचे मास्टर थिअरम म्हणून ओळखली जाते आणि पदार्थविज्ञानातील अवघड इंटिग्रल सोडवतानाही वापरली जाते. एका विद्यापीठाच्या फायलीत जमा झालेला तिमाही अहवाल शंभर वर्षांनंतरही वाचला जातो, असे फार वेळा घडत नाही.

म्हणजे रामानुजन यांना नियमांचेच वावडे होते, ही समजूत चुकीची आहे. मुदत होती, तपासणी होती, मंडळ होते. फरक इतकाच की यावेळी मोजमाप त्यांच्या कामाचे होत होते.

केंब्रिजमध्ये पदवी कशी मिळाली?

१९१४ च्या सुरुवातीला केंब्रिजचे नेव्हिल व्याख्यानांसाठी मद्रासला आले आणि त्यांनी रामानुजन यांचे मन वळवले. मद्रास विद्यापीठाने वर्षाला २५० पौंडांची शिष्यवृत्ती आणि प्रवासखर्च दिला. १७ मार्च १९१४ रोजी ते बोटीने निघाले आणि एप्रिलमध्ये लंडनला पोहोचले.

केंब्रिजनेही प्रवेशासाठी लागणारी नेहमीची पात्रता नसताना त्यांना संशोधक विद्यार्थी म्हणून घेतले. पण पदवी फुकट दिली नाही. प्रबंध द्यावा लागला, तो तपासला गेला. विषय होता ज्यांना विभाजक खूप असतात अशा संख्यांचा. उदाहरण द्यायचे तर १२ : एक, दोन, तीन, चार, सहा आणि बारा असे सहा विभाजक, आणि तिच्याहून लहान कोणत्याही संख्येला इतके नाहीत. १६ मार्च १९१६ रोजी त्यांना संशोधनाधारित बीए मिळाली. पुढे याच प्रकारच्या पदवीची जागा तिथे पीएचडीने घेतली. एफए न झालेला माणूस अशा रीतीने थेट पदवीधर झाला.

२ मे १९१८ रोजी ते रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेले. त्यांच्याआधी हा मान एकाच भारतीयाला मिळाला होता : मुंबईच्या जहाजबांधणी घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांना, १८४१ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटी कॉलेजनेही त्यांना फेलो केले. तिथले ते पहिले भारतीय फेलो.

मग परीक्षेचे नियमच चुकीचे होते का?

सोशल मीडियावरची पोस्ट इथे हो म्हणून मोकळी होते. प्रत्यक्षात उत्तर दोन्ही बाजूंनी अवघड आहे.

पहिली बाजू. दर्जाच्या अटींना अर्थ असतो. हार्डी यांना पाठवलेल्या पत्रात मूळ संख्यांबद्दलचे रामानुजन यांचे दावे चुकले होते. त्यासाठी लागणारे गणित त्यांनी कधी शिकलेच नव्हते. सिद्धता म्हणजे नेमके काय, याची आजच्या गणिताला अपेक्षित असलेली कल्पनाही त्यांना नव्हती. केंब्रिजमध्ये हार्डी आणि लिटलवूड यांनी ती शिकवली, आणि तीही त्यांच्या प्रतिभेला धक्का न लावता कशी शिकवायची, या चिंतेत. पद्धतशीर शिक्षणाला पर्याय नाही, हेच यातून दिसते.

दुसरी बाजू. ते शिक्षण देऊ शकणाऱ्या वर्गापर्यंत पोहोचण्याची वाट शरीरविज्ञानाच्या पेपरमधून जात होती. एफए ही निव्वळ परीक्षा नव्हती. तिच्या पलीकडे बीएचा वर्ग, मोठे ग्रंथालय, चालू नियतकालिके आणि आपल्यासारखीच डोकी होती. ते दार बंद झाल्यावर अठरा ते पंचवीस या वयात रामानुजन एकटे पडले. युरोपात आधीच सिद्ध झालेल्या कित्येक गोष्टी त्यांनी पाटीवर पुन्हा शोधल्या. पुढे हार्डी यांनी या आयुष्याकडे मागे वळून पाहिले, तेव्हा त्यांना खरी शोकांतिका लवकर आलेल्या मृत्यूत दिसली नाही. ती त्यांना या वाया गेलेल्या वर्षांत दिसली.

म्हणून दोष कडकपणाचा नव्हता. एका विषयातले अपयश सगळ्या विषयांचे दार बंद करते, आणि ते उघडण्याचा अधिकार कोणाकडेच नसतो, हा दोष होता. १९०५ च्या प्राचार्यांकडे तो अधिकार नव्हता. १९१३ च्या सिंडिकेटकडे होता आणि तिने तो वापरला.

आज काय बदलले आहे?

बरेच. एटीकेटीमुळे राहिलेला एखादा विषय वर्ष खात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिट साठवण्याची, मध्येच थांबून पुन्हा शिक्षणात येण्याची सोय आली आहे. मिळवलेले क्रेडिट वाया जाऊ नये म्हणून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. पीएचडीच्या विद्यार्थ्याला दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढे कामाची प्रगती मांडावी लागते. रामानुजन यांच्या तिमाही अहवालाचेच हे आजचे रूप. १९०५ च्या तुलनेत आजची चौकट नक्कीच माणुसकीची आहे.

पण पीएचडीच्या दारावर काय लिहिले आहे तेही पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रवेशासाठी साधारणपणे ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी किंवा ७५ टक्क्यांसह चार वर्षांची पदवी लागते. राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. बारावी न झालेल्या, पण शोधनिबंध छापून आलेल्या एखाद्या कारकुनासाठी या यादीत रकाना नाही. असा अर्ज आला तर तो बहुधा ऑनलाइन फॉर्मच्या पहिल्याच पानावर थांबेल. तो कोणत्याही सिंडिकेटपर्यंत जाणारच नाही, मग कोणी मुद्दा मांडणे दूरच.

आणि रामानुजन यांच्यासाठीही मुद्दा मांडला गेला तो कोणामुळे? एक डेप्युटी कलेक्टर, एक कलेक्टर, पोर्ट ट्रस्टचे दोन अधिकारी, हवामान खात्याचे प्रमुख आणि केंब्रिजचे एक प्राध्यापक. इतकी माणसे एका मुलामागे उभी राहिली तेव्हा अपवाद झाला. ज्याच्यामागे कोणी नव्हते, त्याचे नाव आपल्याला माहीत असण्याचे कारण नाही. नापास होऊनही रामानुजन होता येते, असे सांगताना ही बाब विसरू नये. अपवाद करण्याची वाट नियमातच लिहिलेली असेल, तर ती ओळखीवर अवलंबून राहत नाही.

शेवट कसा झाला?

इंग्लंडमधली थंडी, महायुद्धाच्या काळात शाकाहारी माणसाचे होणारे हाल आणि एकटेपणा यांत १९१७ पासून प्रकृती ढासळली. मार्च १९१९ मध्ये ते मुंबईच्या बंदरात उतरले आणि मद्रासला गेले. मद्रास विद्यापीठाने पुन्हा वर्षाला २५० पौंडांची वृत्ती देऊ केली होती. ज्या विद्यापीठाच्या यादीत ते अनुत्तीर्ण होते, त्याच विद्यापीठात ते आता प्राध्यापक व्हावेत, अशी इच्छा होती. ते होऊ शकले नाही. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी हार्डी यांना आपल्या नव्या शोधाबद्दल शेवटचे पत्र लिहिले आणि २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शेवटच्या काळातली पाने केंब्रिजच्या ग्रंथालयात पडून होती. ती १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांना सापडली.

जानकी तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. त्यानंतरची काही वर्षे त्या मुंबईत भावाकडे राहिल्या आणि शिवणकाम शिकल्या. १९३१ मध्ये मद्रासला परतल्यावर याच कामावर आणि विद्यापीठाच्या पेन्शनवर त्यांनी संसार चालवला. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.

२०१२ पासून २२ डिसेंबर हा राष्ट्रीय गणित दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी कॉलेजांमध्ये रामानुजन यांच्या फोटोला हार घातला जातो, १७२९ या संख्येची गोष्ट सांगितली जाते. बहुतेक कॉलेजांत याच महिन्यात सेमिस्टरच्या परीक्षाही चालू असतात आणि नोटीस बोर्डावर पात्र-अपात्र विद्यार्थ्यांच्या याद्या लागलेल्या असतात. त्या यादीतला एखादा अपात्र विद्यार्थी ऑफिसच्या खिडकीशी आला, तर त्याची फाइल नेमकी कोणाच्या टेबलावर जाते आणि त्या टेबलावरच्या माणसाला काही ठरवता येते का, हे गणित दिनाच्या निमित्ताने आपल्या कॉलेजात विचारून पाहायला हरकत नाही.